लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांची तपासणी करायची आहे, पण भीती वाटते. तिथे नेमके काय होते?

डॉक्टर आधी लैंगिक संबंधांविषयी थेट प्रश्न विचारतात; मुखमैथुन किंवा गुदमैथुन झाले असल्यास तेही निःसंकोचपणे सांगावे, कारण नमुना कोठून घ्यायचा हे त्यावरूनच ठरते. एचआयव्ही, सिफिलिस व हिपॅटायटिस बी यांसाठी हातातून रक्त घेतात. क्लॅमिडिया व गनोरियासाठी लघवी किंवा कापसाच्या काडीने घेतलेला स्राव पुरतो. लघवी धारेच्या सुरुवातीची, जेमतेम २०-३० मिलिलिटर लागते, म्हणून त्याआधी किमान तासभर लघवीला जाऊ नये.

संसर्ग लगेच चाचणीत दिसत नाही. एचआयव्हीचा संसर्ग प्रयोगशाळेतील प्रतिजन-प्रतिपिंड चाचणीत (विषाणूचे अंश व त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने शोधणारी रक्तचाचणी) कळायलाही ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे घाईने केलेल्या चाचणीचा ‘निगेटिव्ह’ अहवाल अंतिम मानू नये. असुरक्षित संबंधाला ७२ तास झाले नसतील, तर मात्र कृपया थांबू नका. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांसाठी आजच डॉक्टरांना भेटा.