पीसीओएस असताना घरचं फ्राइड चिकन

प्रश्न: मुलीला पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा बिघाड) आहे. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात असं ऐकून चिकन बंद केलंय. गावठी आणू का?

चिकन बंद करू नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते ती तिच्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पचून जातं. हजारो पक्ष्यांना रोज टोचणं तर कुणालाच परवडणार नाही. शिवाय भारतात तसा वापर करायला परवानगीच नाही. गावठी कोंबडी रश्श्याला उत्तम, तळली की चिवट लागते.

पीसीओएसमध्ये अनेकींच्या शरीरात इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद मिळत नाही. मग ते जास्त तयार होतं आणि अंडाशयाला जास्त अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) बनवायला लावतं. म्हणून काळजी करायची ती साखर आणि इन्सुलिन वाढवणाऱ्या मैद्याच्या जाड थराची आणि सोबतच्या पाव, फ्राइज, कोल्ड्रिंकची. दोन तुकडे, एक ज्वारीची भाकरी आणि भरपूर काकडी-कांदा असं ताट वाढा. तळण पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

प्रश्न: मैद्याशिवाय केलं की थर कढईतच सुटतो.

अर्धा किलो कातडी काढलेल्या तंगड्यांना हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्या. अर्धी वाटी घट्ट दही, चहाचा चमचाभर मीठ, तेवढंच तिखट, मोठा चमचाभर आलं-लसूण आणि थोडी हळद चोळून किमान 4 तास फ्रिजमध्ये ठेवा. तळण्याआधी जास्तीचं दही बोटांनी निपटून काढा. 4 मोठे चमचे बेसन आणि 2 चमचे तांदळाचं पीठ एकत्र करा, ते कोरडंच दाबून लावा आणि झटका. मग तुकडे 15 मिनिटं तसेच राहू द्या. पिठाचे पांढरे ठिपके जाऊन तुकडा सगळीकडून ओलसर पिवळा दिसला की थर धरला. घाईत तेलात सोडलं किंवा पहिल्या दोन मिनिटांत उलटलं तर तो सुटणारच.

प्रश्न: बाहेरून करपतं, हाडाशी लालच राहतं.

तेल फार तापतंय. सुमारे 170 अंश हवं. बेसनाचा थेंब टाकल्यावर जरा खाली जाऊन वर यावा, लगेच काळा पडू नये. लोखंडी कढईत एका वेळी तीन-चारच तुकडे मध्यम आचेवर 12 ते 14 मिनिटं तळा. गर्दी केली तर तेल थंडावतं आणि थर तेल पितो. हाडालगतची लाली दर वेळी कच्चेपणाची नसते, कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाहेर उतरतो. थर्मामीटर असेल तर जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश पाहा.

प्रश्न: उरलेलं तेल आणि डबा?

तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको. तुकडे जाळीवर निथळा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. गरम चिकन प्लास्टिकच्या डब्यात भरू नका: बिस्फेनॉल आणि थॅलेट यांसारखी काही प्लास्टिकमधली रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात आणि उष्णतेने जास्त सुटतात. स्टीलचा डबा घ्या.