वाचकांचे प्रश्न : वॉल-ई माणूस आहे का?

प्रश्न : सुट्टीत नातीबरोबर ‘वॉल-ई’ हा ॲनिमेशनपट पाहिला. त्यातला कचरा उचलणारा रोबो धड चार शब्दही बोलत नाही, तरी शेवटी आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आले. नातीने विचारले, “आजी, तो माणूस आहे का गं?” मला उत्तर देता आले नाही. आपण काय सांगाल?
— एक आजी, चेंबूर

उत्तर : आपल्या नातीने चित्रपटाच्या गाभ्यालाच हात घातला आहे, त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने द्यायला हवे. अँड्र्यू स्टँटन यांनी दिग्दर्शित केलेला पिक्सारचा हा चित्रपट २००८ साली आला. त्यात कचऱ्याखाली गाडल्या गेलेल्या पृथ्वीवरून माणसे ७०० वर्षांपूर्वीच यानांत बसून निघून गेली आहेत आणि मागे राहिलेला हा एकटा रोबो कचरा पोटात दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे करतो व ते एकावर एक रचतो. त्याला तोंड नाही, भुवया नाहीत. आहेत ते दोन डोळे, आणि तेही स्टँटन यांना बेसबॉलच्या सामन्यात हाती आलेल्या दुर्बिणीवरून सुचलेले. दुर्बिणीच्या दोन नळ्या मधल्या बिजागरीवर किंचित खाली-वर केल्या की ती कधी उदास, तर कधी कुतूहलाने पाहणारी वाटते. घरात दुर्बीण असेल तर नातीसमोर करून पाहावे. रोबोचा आवाज बेन बर्ट या ध्वनिकाराने घडवला असून ‘स्टार वॉर्स’मधल्या आरटू-डीटू या रोबोचा आवाजही त्यांचाच आहे. शब्दांवाचून गोष्ट कशी सांगायची, हे शिकण्यासाठी चित्रपटाच्या चमूने चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट पुन्हा पुन्हा पाहिले होते.

परंतु डोळ्यांत पाणी येते ते एवढ्या कारागिरीने नव्हे. वॉल-ई कचरा नुसता उचलत नाही, तो कचऱ्याकडे बघतो. त्याला हिऱ्याच्या अंगठीची डबी सापडते, तेव्हा तो अंगठी फेकून देतो आणि उघडझाप करणारी डबी जपून ठेवतो. चमचा आणि काटा एकातच असलेली एक वस्तू त्याच्या हाती येते, तेव्हा ती चमच्यांत ठेवावी की काट्यांत, या विचारात तो घुटमळतो आणि शेवटी दोन्हींच्या मधोमध ठेवतो.

हे वागणे आपल्या मुंबईत अनोळखी नाही. देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे आणि आपल्या चेंबूरला ती लागूनच आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकापाशी एक ताई रोज सकाळी सुका कचरा वेगळा करतात. पाण्याच्या बाटल्यांची झाकणे त्या निराळ्या पिशवीत टाकतात, कारण झाकणाचे प्लास्टिक बाटलीपेक्षा वेगळे असते आणि भंगारवाला त्याचा भावही वेगळा लावतो. मागे एकदा भाजीच्या सालींत कोणाची तरी स्टीलची लहान वाटी आली होती. ती त्यांनी नळाखाली स्वच्छ विसळली आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवली. दोन दिवस ती तिथे होती, तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ओळखली. त्यानंतर हा चित्रपट पुन्हा पाहताना मला त्या वाटीचीच आठवण येत राहिली.

आता शेवटाजवळचा प्रसंग आठवावा. ईव्ह ही दुसरी रोबो मोडून पडलेल्या वॉल-ईला नवे सुटे भाग बसवते. तो चालू होतो, पण तिला ओळखत नाही आणि आपण जमवलेल्या लाडक्या वस्तू पोटात घालून त्यांचेही गठ्ठे करू लागतो. यंत्र म्हणून तो त्या क्षणी अगदी ठणठणीत आहे, किंबहुना नेमून दिलेले काम चोख बजावतो आहे. गेले आहे ते फक्त थांबून बघणे. आपल्या आणि नातीच्या डोळ्यांत पाणी आले ते बहुधा इथेच. तेव्हा तिला सांगावे की वॉल-ई माणूस नाही, पण हाती आलेल्या वस्तूची आणि समोरच्या जिवाची तो दखल घेतो, आणि ते गेल्यावर आपल्याला तो मेल्यासारखा वाटतो.

प्रश्न : या चित्रपटात भविष्यातली सगळी माणसे बेढब आणि आळशी दाखवली आहेत. हा जाड माणसांचा अपमान नाही का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या आक्षेपात तथ्य आहे. एक-दोन ठिकाणी गडगडणाऱ्या देहांवर हसू यावे अशीच योजना आहे आणि ती मलाही खटकते. मात्र दोष खादाडपणाचा आहे असे चित्रपट म्हणत नाही. सूक्ष्म गुरुत्वाकर्षणामुळे हाडे झिजतात, हे कारण त्यात स्पष्ट दिले आहे. ते शास्त्राला धरून आहे. अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीर म्हणूनच रोज सुमारे २ तास व्यायाम करतात. शिवाय यानाचा सुकाणू सांभाळणारा ‘ऑटो’ हा रोबो माणसांना पृथ्वीवर परतू देत नाही, पण तोही दुष्ट नाही, केवळ शतकांपूर्वीचा हुकूम पाळतो आहे. त्याला थांबवण्यासाठी कॅप्टन आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा त्या देहाला कोणी हसत नाही.

प्रश्न : ‘रोबो’ या शब्दाचा अर्थ काय? मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणणे बरोबर आहे का?
— इयत्ता सातवीतील विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडे जिला वेठ म्हणत तीच. त्या नाटकातले रोबो लोखंडी नव्हते, कारखान्यात घडवलेली हाडामांसासारखी माणसेच होती, आणि ती मालकांवर उलटतात. ‘यंत्रमानव’ हा शब्द चुकीचा मुळीच नाही, तू निःशंकपणे वापर. मात्र त्यात यंत्र आले, मानव आला आणि वेठ तेवढी गळली. वॉल-ई ७०० वर्षे जे करतो, ती वेठच आहे.