थंड पाण्यातील स्ट्राइप्ड बाससाठी आमिष कसे लावावे

न्यू जर्सीच्या रॅरिटन उपसागरात मार्चमध्ये स्ट्राइप्ड बास (अंगावर पट्टे असलेला मासा) पकडण्यासाठी गळ टाकण्याचा आपला बेत उत्तम आहे. फक्त उन्हाळ्यातील सवयी बाजूला ठेवाव्यात. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली असताना हा मासा सुस्तावतो आणि आमिषामागे फारसा धावत नाही, म्हणून ब्लडवर्मचा (एक समुद्री किडा) किंवा शिंपल्यातील मांसाचा लहान तुकडा तळाशी स्थिर ठेवावा. उन्हाने लवकर तापणारा उथळ, गाळाचा किनारा आणि दुपारनंतरची वेळ निवडावी. माझ्या मते हे आमिषापेक्षाही महत्त्वाचे आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- आमिष वारंवार ओढून पाहणे.
- हलका स्पर्श होताच हिसका देणे. नैसर्गिक आमिषासाठी येथे सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) बंधनकारक आहे आणि तो हिसक्याने नव्हे, तर दोर सावकाश ताणत गुंडाळल्याने जबड्याच्या कोपऱ्यात रुततो.