बर्फाचे ज्वालामुखी शिकायचेत, मग पीयूसीला (अकरावी-बारावीला) काय घ्यायचं?

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही उद्यमबागेत मशीन शॉपला, पोरगी खानापूरकडच्या मराठी शाळेतनं आत्ताच एसएसएलसी (दहावी) झाली आणि म्हणते शनीच्या चंद्रावरचे बर्फाचे ज्वालामुखी शिकणार. तुमचं विचारणं दोनच, बर्फात एवढी ऊब येते कुठनं आणि यावर पोट भरतं का.

पहिलं तुम्हाला लगेच पटेल. जाड तार घ्या, एकाच जागी दहा-पंधरा वेळा इकडं-तिकडं वाकवा आणि त्या वाकाला बोट लावून बघा की, चांगली गरम लागते. शनीच्या एन्सेलाडस नावाच्या चंद्राचं तसंच आहे. तो ३३ तासांत शनीभोवती फेरी मारतो पण कक्षा पुरती गोल नाही, कारण डायोनी नावाच्या चंद्राची एक फेरी होते तोवर याच्या दोन होतात आणि त्या ओढाताणीत कक्षा गोल व्हायचीच राहते, मग शनीची ओढ कधी जास्त कधी कमी, आणि अख्खा चंद्र सारखा दाबला जातो, सुटतो, परत दाबला जातो, ऊब येते ती त्यातनंच. वर उणे २०० डिग्री आणि आत खारा समुद्र! गोळा जेमतेम ५०० किलोमीटरचा, बेळगावातनं बेंगळूर गाठायचं तेवढाच. २००५ साली कॅसिनी यानानं त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतनं वाफेचे, बर्फाचे फवारे उडताना टिपले, तेच हे बर्फाचे ज्वालामुखी.

आता पोरीचं. तुम्ही लिहिलंय, ती विचारते मिमास नावाचा चंद्र तर शनीच्या अजून जवळ आहे मग तिथं फवारे का नाहीत, आणि असलं विचारून डोकं खाते. भाऊ, हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षं सतावत होता. २०२४ मध्ये मिमासच्या कक्षेतले बारीक बदल मोजून अभ्यासकांनी मांडलं की त्याच्याही बर्फाखाली समुद्र आहे, पण इतका नवा की वर अजून खूण उमटलेली नाही. जिला हे आपणहून सुचतं तिला सायन्सला घालताना दोनदा विचार करू नका.

बर्फाच्या ज्वालामुखीचा वेगळा कोर्स नसतो, पाया फिजिक्स-मॅथ्सचाच. १९७९ साली तिघांनी गुरूच्या आयो चंद्राचं असंच गणित मांडलं, आत वितळलेलं असणार म्हणाले, आणि पेपर छापून आठवडा होतोय तोवर व्हॉयेजर यानाच्या फोटोत ज्वालामुखी सापडला.

म्हणून पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घ्या, कोडिंग पुढं लागतंच. सेकंड पीयूसीनंतर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, त्यातलं पुणं आपल्याला जवळ; तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ-विज्ञान संस्थेला जेईई ॲडव्हान्स्ड लागते. दोन्ही नाही जमलं तर बेळगावातच बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढं अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पीएचडी. फेलोशिप सुरुवातीला महिन्याला ३७,००० मिळते, पण तिथवर पोचायला पाच वर्षं आणि कायमच्या जागा थोड्या, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मला खरी काळजी फर्स्ट पीयूसीच्या पहिल्या तीन महिन्यांची आहे. मराठी मिडियमची हुशार पोरं तिथंच गप्प होतात, घर्षण पक्कं येत असतं पण सर फ्रिक्शन म्हणाले की वाटतं हे काहीतरी नवीनच. आजच दोन रकान्यांची वही करा, जडत्व–इनर्शिया, कक्षा–ऑर्बिट, रोज दहा शब्द, कॉलेज सुरू व्हायच्या आत. मिमासचं उत्तर तिला वाचून दाखवा, आणि पुढचं पत्र तिला स्वतःलाच लिहू दे.