शिक्षक किती, आणि कोणाच्या वाट्याला किती?

प्रश्न : भारत आणि चीन यांची लोकसंख्या जवळजवळ सारखीच असताना दोन्ही देशांतील प्राथमिक शिक्षकांची थेट तुलना करता येईल का?

उत्तर : नुसते आकडे शेजारी मांडून करता येणार नाही. चीनमध्ये 2021 साली सुमारे 66 लाख प्राथमिक शिक्षक आणि पावणेअकरा कोटी विद्यार्थी होते, म्हणजे एका शिक्षकामागे साधारण सोळा मुले. भारतात 2021-22 मध्ये पहिली ते पाचवीत बारा कोटींहून अधिक मुले होती आणि हेच प्रमाण सुमारे 26 होते. शिवाय चीनमधील प्राथमिक शिक्षण बहुतांश ठिकाणी सहा वर्षांचे आहे, आपले पाच वर्षांचे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मात्र माझ्या मते खरी अडचण सरासरीतच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आपल्याकडील एखाद्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत पंचवीस मुले असतील, तर कागदावर एका शिक्षकामागे तेरादेखील भरत नाहीत. प्रत्यक्षात मात्र एक गुरुजी पहिली-दुसरी आणि दुसऱ्या बाई तिसरी ते पाचवी एकाच वेळी सांभाळतात, आणि दोघांपैकी एक जण प्रशिक्षणाला गेला की पाचही वर्ग एकाच्याच हाती येतात. म्हणून दोन देशांची तुलना करताना शिक्षकांच्या संख्येबरोबर प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.