आई-बाबांना घेऊन चार रात्री मालदीवच्या रिसॉर्टला चाललो, काय काय लक्षात ठेवू?

भाऊ, तुम्ही लिहिलं की बाबांच्या रिटायरमेंटनिमित्त तुम्ही नवरा-बायको अन् आई-बाबा असे चौघं चार रात्री मालदीवला राहणार, सगळे शाकाहारी, पोहता कोणालाच येत नाही, आईचे गुडघे दुखतात, बाबांना खर्रा (तंबाखू-सुपारीचा) लागतो, अन् एजंटनं दिलेल्या कागदावरचं अर्धं समजत नाही. मी तिथल्या एका रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिसला काही वर्षं होतो, आता दारव्ह्याजवळ गावीच असतो, म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

तिथं एक बेट म्हणजे एकच हॉटेल. बाहेर पानठेला नाही, किराणा नाही, मेडिकल नाही, एटीएम नाही. एकदा बोटीतून उतरले की पाण्याच्या बाटलीपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत सगळं हॉटेलच्याच भावानं, अन् भाव डॉलरमध्ये. म्हणून जे काही विचारायचं, घासाघीस करायची ती पैसे भरायच्या आधी, इथं घरी बसून, अन् फोनवर नाही, ईमेलवर. एजंट फोनवर सगळ्यालाच हो म्हणतो. तिथं गेल्यावर फ्रंट ऑफिसचा पोरगा फक्त व्हाउचरवर काय लिहिलंय तेच पाहतो, मीही तेच पाहत होतो.

कागदावर जेवणाचा प्लॅन कोणता आहे ते पाहा. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता अन् रात्रीचं जेवण, दुपारचं तुमच्या खिशातून. फुल बोर्ड म्हणजे तिन्ही टाइम, पण बऱ्याच ठिकाणी त्यात पिण्याचं काहीच धरलेलं नसतं, म्हणजे टेबलवर पाण्याची बाटली मागवली की तिचे वेगळे पैसे. चार माणसं, उकाडा, दिवसभर चहा-पाणी, याचा हिशेब लावला तं तुमच्यासारख्यांना ऑल इन्क्लुसिव्हच परवडतं, दारू कोणी पीत नसलं तरी. मात्र ऑल इन्क्लुसिव्हमध्येही हॉटेल-हॉटेलचा फरक असतो, कोणाकडे मिनीबार (खोलीतल्या फ्रीजमधलं खाणं-पिणं) धरतात कोणाकडे नाही, कोणाकडे एकच रेस्टॉरंट चालतं अन् बाकीच्या रेस्टॉरंटला फक्त डिस्काउंट, तं यादीच मागून घ्या.

टॅक्सचं सांगतो, इथंच जास्त लोकांचा गोंधळ होतो. मेन्यूवर किंवा रेटवर आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की समजायचं सर्व्हिस चार्ज अन् टॅक्स अजून लागायचाय. १० टक्के सर्व्हिस चार्ज, अन् त्याच्यावर १७ टक्के टीजीएसटी, म्हणजे तिथला पर्यटनावरचा जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १६ चा १७ झाला. म्हणजे १०० डॉलरचं जे दिसतं ते बिलात जवळपास १२९ होते. याशिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोजचे १२ डॉलर, १ जानेवारी २०२५ च्या आधी ६ होते. तुमचे चौघांचे चार रात्रीचे १९२ डॉलर होतात. हे पॅकेजमध्ये धरले का, एवढं एका ओळीत लिहून मागा. जुन्या पोस्टा अन् व्हिडिओ पाहून हिशेब केला असेल तं तो चुकणारच, काहून की रेट नंतर बदलले.

आता विमानतळावरून बेटावर जायचं. हे लोकांना किरकोळ वाटते पण आई-बाबा सोबत आहेत तं सगळ्यात जास्त विचार याचाच करा. राजधानी माले शहराच्या बाजूच्या बेटावर वेलाना विमानतळ आहे, तिथून जवळच्या रिसॉर्टला स्पीडबोट अन् दूरच्याला सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान), किंवा देशांतर्गत विमान अन् मग बोट. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीन-चारच्या पुढे उतरलं की त्या दिवशी बेटावर जाणं होतच नाही, रात्र मालेत किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढा, अन् रिसॉर्टची ती रात्र गेली ती गेली. परतीचंही तसंच, सकाळचं विमान असलं तं आदल्या दिवशीच बेट सोडावं लागते. आपल्याकडून आधी नागपूर, मग मुंबई, मग पुढं तीनेक तासांचं विमान, तं मुंबईहून सकाळचंच विमान पाहा अन् मुंबईत आदल्या रात्रीच पोहोचा.

सी-प्लेनला सामानही मोजून, साधारण २० किलो बॅग अन् ५ किलो हातातलं, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे. तुमचं मोठं विमान ३० किलो नेऊ देत असलं तरी इथं वजन पुन्हा होतं. जिना अरुंद, आत वाकून जावं लागते, आवाज खूप, बाथरूम नाही. आईच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंच आहे. वरून दिसते ते दृश्य मात्र जन्मभर विसरणार नाही असं असते, निळ्या पाण्यात बांगड्या ठेवल्यासारखी बेटं. तरी माझं मत विचाराल तं स्पीडबोटीनं अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल असं रिसॉर्ट घ्या. सी-प्लेनचे माणशी येण्या-जाण्याचे सहज चारशे-पाचशे डॉलर जातात, चौघांचे किती झाले पाहा, अन् स्पीडबोट रात्रीही चालते. बोटीत मागं बसायचं, पुढं लय आपटते, अन् मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी.

वॉटर व्हिला की बीच व्हिला? फोटो सगळे वॉटर व्हिलाचेच असतात म्हणून सगळ्यांना तेच पाहिजे. पण ते लाकडी पुलावर समुद्रात आत असते, जेवायला प्रत्येक वेळी लांब चालत या किंवा बग्गीची वाट पाहा, डेकवरून सरळ पाण्यात उतरायची शिडी, रात्री अंधार. आई-बाबांना बीच व्हिला घ्या, रेस्टॉरंटच्या जवळचा मागा, दार उघडलं की वाळू. बाबा पहाटे उठून एकटे फिरून येतील तुम्ही उठायच्या आधी. तुम्हा दोघांची हौस असली तं दोन रात्री बीच अन् शेवटच्या दोन रात्री वॉटर असं तुमच्यापुरतं करता येते, हॉटेलवाले सामान स्वतः हलवून देतात.

कधी जायचं ते विचारलंय. डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, समुद्र शांत, मे ते नोव्हेंबर पावसाचा. नाताळ ते नवीन वर्ष चुकूनही जाऊ नका, भाव आभाळाला अन् त्यात २४ अन् ३१ डिसेंबरच्या जेवणाचे बहुतेक रिसॉर्ट वेगळे पैसे लावतात, तुम्ही जेवा नका जेवू. तुरीचं आटोपलं की फेब्रुवारी-मार्च बघा, पोहता न येणाऱ्यांना शांत पाणीच पाहिजे. पैशाची फारच ओढाताण असली तं मे, तेव्हा रेट बरेच उतरतात, पाऊस येतो पण आपल्या झडीसारखा दिवसेंदिवस धरेलच असं नसते, मधात ऊन पडत राहते.

खाण्याची काळजी करू नका, पण सांगून ठेवा. रिसॉर्टच्या किचनमध्ये भारतीय आचारी खूप आहेत, आमच्याकडेही होते, बुफेत डाळ, भात, एखादी पनीरची भाजी बहुतेक असतेच. जायच्या आठवडाभर आधी ईमेल करा, चौघं शाकाहारी, मासे अन् अंडंही नाही, असं स्पष्ट. "व्हेजिटेरियन" एवढंच लिहिलं तं तिथं मासा धरला जाऊ शकतो, काहून की मालदीवचं रोजचं खाणंच टूना मासा. नाश्त्याला मासहुनी नावाचा पदार्थ ठेवतात, किसलेलं खोबरं, कांदा, मिरची अन् बारीक केलेला टूना, दिसायला अगदी आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा. आईला आधीच सांगून ठेवा. तिथल्या भाज्यांत अन् रश्श्यातही वाळवलेल्या माश्याची पूड किंवा टूनाचा अर्क असू शकतो, तं नाव माहीत नसलेल्या प्रत्येक भांड्यापाशी विचारायचं. आचाऱ्याला भेटायचं म्हणा, तो स्वतः बाहेर येतो, अन् कोणी हिंदी बोललं की त्यालाही बरं वाटते, घरापासून दूर असतात हो ते लोक. फोडणीचं वरण मागितलं तं करून देतात, आमच्याकडे देत होते. घरून पॅकबंद चिवडा, शेंगदाण्याची चटणी थोडी न्या, खोलीत किटली असतेच.

सोबत काय न्यायचं नाही हे मात्र नीट ऐका. दारू मालदीवमध्ये नेताच येत नाही, मुंबईच्या ड्युटी फ्रीमधून घेतली तरी तिथं कस्टमवाले ठेवून घेतात. पूजेच्या मूर्ती न्यायला मनाई आहे. आपल्याकडच्या आया पर्समध्ये गजानन महाराजांची छोटी मूर्ती ठेवतातच, ती घरी देवघरात राहू द्या, फोनमध्ये फोटो आहे तेवढा पुरे. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, २०२४ च्या शेवटापासून पूर्ण बंद. अन् बाबांचा खर्रा, भाऊ, तो इथंच सोडायचा. खोलीखाली, डेकखाली, पुलाखाली सगळीकडे समुद्र, पिचकारी टाकायला जागाच नाही. महिनाभर आधीपासून डॉक्टरला विचारून कमी करत आणा, ऐनवेळी बंद केलं तं चारही दिवस चिडचिड होईल, त्यांचीही अन् तुमचीही.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीयांना व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने बाकी असू द्या. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, जातानाही अन् येतानाही, तो सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी. कार्डवर विदेशातले व्यवहार चालू करून घ्या अन् लिमिट वाढवा, चेक-इनला डिपॉझिट अडकवतात. थोडे डॉलर सुटे न्या. प्लगचे सॉकेट तिथं चौकोनी तीन पिनचे, एक अडॅप्टर ठेवा. आई-बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत, दोन दिवस जास्तीच्या. अन् ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच. काही रिसॉर्टला डॉक्टर असतो काहींना नसतो, मोठं दुखणं आलं तं मालेच गाठावं लागते, रात्री तं बोटीशिवाय मार्ग नाही.

उन्हाबद्दल आपल्या लोकांना एक समज असते की आम्ही ४५ डिग्रीत शेतात राबतो, तिथलं ३०-३१ काय करणार. आपलं ऊन कोरडं, आपण दुपट्टा बांधून निघतो. तिथं विषुववृत्त जवळ, पांढरी वाळू अन् पाणी खालूनही ऊन फेकते, वारं असते म्हणून कळत नाही अन् संध्याकाळी पाठ सोलून निघते. सकाळी दहापर्यंत अन् दुपारी चारनंतर पाण्यात जा, पूर्ण बाह्यांचं पोहायचं टीशर्ट घाला.

पोहता येत नाही म्हणून काठावर बसून राहू नका, एवढं माझं ऐका. लाइफ जॅकेट असतं, सोबत माणूस देतात, वॉटर स्पोर्टच्या काउंटरला पहिल्याच दिवशी जाऊन "कोणालाच येत नाही" म्हणून सांगा. छातीभर पाण्यात जॅकेट घालून, मास्क लावून तोंड खाली केलं तरी रंगीत मासे दिसतात. बाबांनाही मास्क लावून द्या, साठीचे लोक मी पाहिले आहेत, पाच मिनिटांनी काढूच देत नव्हते. काठाशी हातभर शार्कची पिल्लं फिरतात, काळ्या टोकाच्या पराची, ती काही करत नाहीत, हात मात्र लावायचा नाही. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, तो जिवंत असतो अन् कापतोही. वाळूतले शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून बॅगेत टाकायचे नाहीत, प्रवाळ देशाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडतात. आईला पाण्यात लुगडं-साडी नको, पायात गुंडाळते, सलवार अन् टीशर्ट चालते. जेवायला मात्र साडीच नेसू द्या, छान दिसते, कोणी काही म्हणत नाही.

अन् हेही मनापासून सांगतो. आपल्याकडचे लोक तिथं फार बुजतात. इंग्रजी येत नाही म्हणून मागत नाहीत, बुफेत दुसऱ्यांदा उठत नाहीत, काही बिघडलं तरी सहन करतात. तुम्ही पूर्ण पैसे दिलेत, जर्मनीच्या माणसानं दिले तेवढेच. पहिल्याच दिवशी रिसेप्शनला विचारा, हिंदी बोलणारं कोण आहे, कोणी ना कोणी असतेच, त्याचं नाव लिहून घ्या. प्रत्येक गोष्टीआधी "हे पॅकेजमध्ये आहे का" विचारायला लाजू नका, आम्हाला कधीच वाईट वाटत नव्हतं, उलट शेवटच्या दिवशी बिल पाहून पाहुण्याचा चेहरा उतरला की वाईट वाटायचं. टीप बंधनकारक नाही, खोली साफ करणाऱ्याला जाताना पाच-दहा डॉलर दिले तं भरपूर.

घड्याळ तिथं आपल्यापेक्षा अर्धा तास मागं, पण काही रिसॉर्ट मालेच्या एक तास पुढं स्वतःची वेळ ठेवतात, तं परतीच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाची ते विचारा. बिल आदल्या रात्रीच मागून घ्या, ओळ न् ओळ वाचा, मिनीबारचं अन् पाण्याचं विशेष पाहा, समजलं नाही तिथं सही केलेली पावती दाखवा म्हणा. सकाळी बोट उभी असताना, मागं रांग असताना हे होत नाही. रिसॉर्टचं नाव ठरलं की खाली लिहा, बोटीचं अन् जेवणाचं काय काय धरलंय ते वाचून सांगतो.