लॅपटॉपची चार-पाचच बटणं चालत नाहीत, दुकानदार म्हणतो कीबोर्ड बदला. आधी घरी काय तपासावं?

कोणती बटणं बंद आहेत ते आधी कागदावर लिहा. प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. आत आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि एकेक रेषा बऱ्याच बटणांना पुरते. ती तुटली की एकमेकांपासून लांबची बटणंही एकदम जातात. अशा वेळी बटणं उचकटून साफ करण्यात अर्थ नाही. एकच बटण अडत असेल तर मात्र खाली बहुधा चुरा किंवा चिकटपणा असतो.

बटण दाबून धरल्यावरच अक्षर उमटतंय? मग फिल्टर कीज (झटकन दाबलेलं बटण न धरणारी विंडोजची सोय) चालू झाल्यात. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की त्या चालू होतात. सेटिंगमधून बंद करा. छोट्या कीबोर्डवर यू, आय, ओ दाबून ४, ५, ६ येत असतील तर नम लॉक चालू राहिलंय, ते बंद करा.

यातलं काही नसेल तर रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जा (बहुतेक डेलला एफ२, एचपीला एफ१०, तेच बटण गेलं असेल तर यूएसबी कीबोर्ड लावा). तिथे पासवर्ड ठरवायच्या चौकटीत अक्षरा-आकड्यांची बंद बटणं दाबा. ठिपका उमटला तर बटण शाबूत, घोळ विंडोजचा: डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्ड अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. चौकटीतून एस्केपनेच बाहेर या, सेव्ह केलंत तर नसता पासवर्ड गळ्यात पडेल.

ठिपका नाही उमटला तर कीबोर्डची चपटी रिबन बघायची. चार्जर काढा, खोलल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा. कनेक्टरची खिट्टी काहींत वर उचलते, काहींत बाहेर सरकते; नीट बघून मगच नख लावा, ती तुटली तर काम मदरबोर्डावर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवर) जातं. रिबनचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, सरळ बसवा. किंचित तिरकी बसली तरी एखादी रेषा सुटते, आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी दिसतात. दुकानात हे न बघताच नवा कीबोर्ड सुचवला जातो, म्हणून एवढं सांगितलं.

कीबोर्ड मधोमध फुगीर दिसत असेल किंवा टचपॅड दाबला जात नसेल तर यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग बंद, तिला टोचू-दाबू नका, थेट दुरुस्तीला द्या.

शेवटी बदलायचाच ठरला तर मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवा. एंटरचा आकार आणि बॅकलाइटची वेगळी बारीक रिबनही बघा. बऱ्याच पातळ मॉडेलांत कीबोर्ड प्लास्टिक वितळवून वरच्या कव्हरला जोडलेला असतो, तेव्हा भाव नुसत्या कीबोर्डचा सांगितलाय की कव्हरसकट, हे आधी विचारा.